स्विमिंग पूल आहे. पण लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का?

रविवारी सकाळी पनवेल परिसरातल्या कोणत्याही नव्या गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात डोकावले, तर साधारण एकच दृश्य दिसते. काचेच्या पेटीत इमारतींची प्रतिकृती, तिच्या मधोमध निळाशार तलाव आणि बोटभर उंचीची हिरवी झाडे. हातात माहितीपत्रक येते. स्विमिंग पूल, जिम, क्लबहाउस, योगा डेक, मिनी थिएटर, बॅडमिंटन कोर्ट, जॉगिंग ट्रॅक... यादी पानभर असते. नातवंडे तलाव पाहून खूश होतात, मुलगा हप्त्यांचा हिशोब करत असतो, सून स्वयंपाकघराची मापे पाहत असते. तेवढ्यात बरोबर आलेल्या आजी विचारतात, "खाली बसायला बाकडी कुठे आहेत?" विक्री प्रतिनिधी क्षणभर गोंधळतो. "होतील ना आजी, सगळं होईल," असे म्हणून तो पुन्हा तलावाकडे वळतो.

त्या सकाळी विचारला गेलेला सर्वांत शहाणा प्रश्न आजींचाच असतो. घर घेताना सामायिक सुविधांची यादी आपण हौसेच्या नजरेने वाचतो. रुग्णालयाच्या अपघात विभागातून तीच यादी वाचली, तर तिचा क्रम पार बदलतो. तिथे यादीची लांबी मोजली जात नाही. कोणती सुविधा रोज वापरली जाते आणि कोणती अडचणीच्या पाच मिनिटांत उपयोगी पडते, एवढेच पाहिले जाते. या दोन कसोट्या लावल्या, की चकचकीत गोष्टी मागे पडतात आणि जिना, बाकडे, पाण्याची टाकी, लिफ्टची खोली अशा गोष्टी पुढे येतात.

तलावाचे गाव, टॉवरचे शहर

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि सिडकोने वसवलेले नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर हे भाग तिच्या हद्दीत आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मेट्रो आणि आता नवी मुंबईचा विमानतळ यांच्यामुळे इथे घर घेणाऱ्यांचा ओघ थांबलेला नाही.

जुन्या पनवेलमध्येही सामायिक सुविधा होत्याच. फक्त त्यांना तसे कोणी म्हणत नव्हते. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे हे तलाव सगळ्या गावाचे होते. वाड्यात विहीर होती, अंगण होते आणि दारापुढे ओटा होता. संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जाई. या व्यवस्थेत दोषही पुष्कळ होते, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. पण माणसाला घराबाहेर काढण्याचे काम ती न सांगता करत असे.

आज या एकाच शहरात दोन प्रकारची घरे शेजारी शेजारी उभी आहेत. एकीकडे सिडकोच्या वसाहतींमधल्या लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती. तिथे वरच्या मजल्यावरच्या गुडघेदुखीच्या रुग्णाला खाली उतरणे हीच मोठी मोहीम होऊन बसते आणि हळूहळू तो घरातच अडकतो. दुसरीकडे वीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर, जिथे धडधाकट माणूसही पहिल्या मजल्यावर जायला लिफ्टचे बटण दाबतो. दोन्हीकडे प्रश्न आरोग्याचाच आहे.

पाच मिनिटांची सुविधा

सुरुवात सर्वांत गंभीर गोष्टीपासून केलेली बरी. हृदय अचानक बंद पडले, तर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिका सोसायटीच्या फाटकाशी पोचली म्हणजे मदत पोचली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात फाटकापासून रुग्णापर्यंतचा प्रवास तिथून पुढे सुरू होतो.

हा प्रवास किती महाग पडतो, हे कॅनडातल्या एका अभ्यासाने दाखवले. टोरंटो आणि लगतच्या भागात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या हजारो रुग्णांची नोंद तपासून तिथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के रुग्ण वाचले. तिसऱ्या आणि त्यावरच्या मजल्यांवर हे प्रमाण २.६ टक्के होते. सोळाव्या मजल्याच्या वरच्या २१६ रुग्णांपैकी फक्त दोघे वाचले आणि पंचविसाव्या मजल्याच्या वरच्या ३० जणांपैकी एकही नाही. तिथली रुग्णवाहिका सेवा चांगली, रस्ते चांगले; तरीही ही परिस्थिती. कुलूपबंद प्रवेशद्वार, लिफ्टची वाट पाहणे आणि लांब मार्गिका यांत मिनिटे निघून जातात.

आता आपल्या टॉवरकडे पाहू. आडव्या स्ट्रेचरला सहा फुटांहून जास्त लांबी लागते. आठ माणसांच्या नेहमीच्या लिफ्टची खोली साडेतीन-चार फुटांच्या आसपास असते. मग रुग्णाला खुर्चीत बसवून, चादरीत गुंडाळून किंवा जिन्यावरून उचलून आणावे लागते. पक्षाघात किंवा मणक्याची इजा झालेल्या रुग्णाची अशी ओढाताण आणखी नुकसान करू शकते आणि हृदय बंद पडलेल्या रुग्णाला बसवून नेताना छाती दाबण्याचे काम थांबते. म्हणून उंच इमारतीत निदान एक तरी स्ट्रेचर मावणारी लिफ्ट असणे आणि ती वीज गेल्यावर जनरेटरवर चालणे, ही यादीतली पहिली सुविधा. अनेक इमारतींत अशी लिफ्ट असते, पण तिच्यातून फर्निचर आणि पाण्याचे जार जातात आणि आतले दिवे बंद असतात. ती चालू आणि मोकळी ठेवणे सोसायटीच्या हातात आहे.

दुसरी सुविधा माणसांची. रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाजवळच्या माणसाने छाती दाबायला सुरुवात केली, तर जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. छातीच्या मध्यभागी, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायचे. दोन तासांच्या प्रशिक्षणात हे कोणालाही जमते. प्रत्येक इमारतीत असे चार-पाच जण आणि सगळे सुरक्षारक्षक तयार असायला हवेत. मोठ्या संकुलात एईडी हे यंत्रही ठेवता येते. विजेचा धक्का द्यायची गरज आहे का, हे ते यंत्र स्वतः तपासते आणि वापरणाऱ्याला आवाजी सूचना देते. जिममधल्या एखाद्या महागड्या ट्रेडमिलच्या शेजारी ते असावे आणि त्या कपाटाला कुलूप नसावे.

तिसरी सुविधा सरावाची; तिला जवळपास काहीच खर्च नाही. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. फोन केल्यावर पत्ता नेमका कसा सांगायचा, फाटकावर कोण थांबणार, बूम बॅरिअर कोण उघडणार, कोणती लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवायची, रुग्णवाहिकेच्या वळणावर लावलेल्या गाड्या कोण हलवणार, हे आधी ठरलेले असावे. वर्षातून दोनदा त्याची रंगीत तालीम घेतली, तर कुठे अडते ते कळते. इमारतींची नावे आणि विंगांची अक्षरे रात्री दिसतील एवढी मोठी आणि उजेडात आहेत का, एवढे जरी पाहिले तरी बहुमोल मिनिटे वाचू शकतात.

जिना: फुकटची जिम

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. रोजची हालचाल कमी होणे हे त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस साधी आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मुलांनी रोज सरासरी तासभर दमेपर्यंत खेळावे. ज्येष्ठांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, म्हणजे पडणे टळते.

जिन्याचे महत्त्व वैद्यकशास्त्राला लंडनच्या बसने शिकवले. १९५३ मध्ये डॉ. जेरेमी मॉरिस यांनी लॅन्सेटमध्ये तिथल्या दुमजली बसच्या चालक-वाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून. वाहक मात्र तिकिटे फाडत दिवसभर वर-खाली करणारा. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी आढळले. पगार, वस्ती, खाणेपिणे बरेचसे सारखे. मोठा फरक रोजच्या हालचालीचा.

आपल्या टॉवरमध्ये जिना असतो, पण तो आगीच्या वेळचा मार्ग म्हणून दाराआड लपलेला. आत अंधार, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, मजल्यामजल्यावर जुन्या सायकली आणि चपलांची कपाटे. असा जिना कोण चढणार? दिवे, स्वच्छता, दोन्ही बाजूंना कठडा आणि प्रत्येक मजल्याचा ठळक आकडा एवढे केले, तरी खालच्या पाच मजल्यांवरचे बरेच लोक जिन्याकडे वळू शकतात. आग लागली तर हाच मोकळा जिना जीव वाचवतो. म्हणजे एका खर्चात दोन कामे. अर्थात, चढताना छातीत दुखणाऱ्या किंवा धाप लागणाऱ्या माणसाने आधी डॉक्टरांना दाखवावे. गुडघे झिजलेल्यांनी जिन्याचा हट्ट धरू नये.

जिम वाईट नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, तेव्हा वजने उचलण्याचा फायदा होतोच, आणि साठीनंतर तो जास्तच जाणवतो. पण बहुतेक सोसायट्यांच्या जिममध्ये दिसतात ती तरुण मुले. आजोबांसाठी तिथे ना शिकवणारा असतो ना हलकी वजने. आठवड्यातून दोन सकाळी प्रशिक्षक नेमून ज्येष्ठांचा वर्ग घेतला, तर तीच खोली खऱ्या अर्थाने सामायिक होईल. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी.

सर्वांत जास्त वापर होतो तो चालण्याच्या वाटेचा. ती सलग असावी, खाचखळग्याची नसावी, तिच्यावरून गाड्या जाऊ नयेत आणि पावसात ती निसरडी होऊ नये. गुळगुळीत चकचकीत फरशी छायाचित्रात शोभते. पनवेलच्या पावसाळ्यात ती खुब्याचे हाड मोडायला कारण होते. खडबडीत फरशी किंवा मातीची वाट कधीही चांगली. आणि तिच्यावर सावली हवी. किनाऱ्याजवळची दमट हवा घाम वाळू देत नाही, त्यामुळे तापमान चाळिशीच्या खाली असले तरी शरीर तापते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात भर दुपारी झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, ही आठवण या परिसराला आहे. कुंडीतली पाम झाडे सावली देत नाहीत. जमिनीत मुळे धरणारी करंज, बकुळ, कडुनिंबाची झाडे देतात. पोडियमच्या स्लॅबवर मातीचा थर पातळ असेल, तर मोठे झाड वाढतच नाही. म्हणून इमारतीखालची सगळी जमीन पार्किंगने व्यापलेली आहे की काही जमीन मोकळी आहे, हे नकाशात पाहावे. हिरवळीचा उपयोग सावलीपुरताच नाही. अमेरिकेतल्या रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेलेले आढळले.

निळ्या पाण्याची जबाबदारी

पोहणे हा उत्तम व्यायाम. सांध्यांवर भार पडत नाही, म्हणून स्थूल आणि संधिवाताच्या रुग्णांनाही तो झेपतो. पण सगळ्या सुविधांत चुकीला सर्वांत कमी जागा असलेली सुविधा हीच. जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात आणि त्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या बालकांचा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही. ते गुपचूप, एखाद्या मिनिटात पाण्याखाली जाते. काठावर मोबाइल पाहत बसलेल्या आईवडिलांना ते कळतही नाही. तलावाभोवती लहान मुलाला उघडता येणार नाही असे दार, वापराच्या वेळी प्रशिक्षित जीवरक्षक आणि लहान मुलाबरोबर हाताच्या अंतरावर मोठे माणूस, या तीन गोष्टींत तडजोड नको. जीवरक्षकाचा पगार परवडत नसेल, तर तलाव कोरडा ठेवलेला बरा.

दुसरा प्रश्न पाण्याचा. मोकळ्या क्लोरीनचे प्रमाण दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. हे दोन आकडे तपासून रोज फलकावर लिहिलेले असावेत. तलावाजवळ क्लोरीनचा उग्र वास आला, की पाणी स्वच्छ आहे असे लोकांना वाटते. खरे तर घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होते, त्याचा तो वास असतो. डोळे चुरचुरतात आणि दम्याच्या रुग्णाला खोकला येतो तो त्यामुळेच. काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर पाण्यात उतरू नये. जुलाब झालेल्या मुलाला तलावात पाठवू नये. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाहीत. उन्हाळ्यात ज्या वसाहतींत टँकर येतात, तिथे तलाव भरण्याचा निर्णयही सभासदांनी विचार करूनच घ्यावा.

टाकीत कोण राहते?

वाड्यातल्या विहिरीच्या दोषाबद्दल वर म्हटले, तो दोष मुंबईने फार पूर्वी अनुभवला. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटले यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला. अॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास दलदलीत नव्हे, तर घराघरांतल्या विहिरी आणि टाक्यांत वाढतो, असे त्यात दाखवले होते. विहिरी बुजवण्यावरून तेव्हा मोठा वादही झाला. शंभर वर्षांनंतर विहिरी गेल्या, पण तो डास गेला नाही. गच्चीवरची झाकण तुटलेली टाकी त्याला तितकीच आवडते. जिथे सतत बांधकाम चालू असते, त्या शहरात त्याला जागेची ददात नसते.

डेंग्यूचा एडिस डास तर साठलेल्या स्वच्छ पाण्याचाच. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून पाणी ओतून भागत नाही. कडा घासाव्या लागतात. आधुनिक संकुलात त्याच्यासाठी नव्या जागा तयार झाल्या आहेत: बंद पडलेले कारंजे, पोडियमवरच्या बागेचे तुंबलेले नळ, कुंड्यांखालच्या थाळ्या, लिफ्टच्या खड्ड्यात झिरपलेले पाणी, तळघराची गटारे, एसीच्या पाण्याचे डबे. आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवून माळी आणि सुरक्षारक्षक यांनी यादी घेऊन फिरले, तर निम्मे काम होते. शोभेच्या पाण्यात गप्पी मासे सोडता येतात. धूरफवारणीने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. त्यामुळे धूर दिसला म्हणजे काम झाले, असे नाही.

पिण्याच्या पाण्याची टाकी दर सहा महिन्यांनी धुवावी आणि धुतल्याची तारीख टाकीवर रंगवावी. भूमिगत टाकी आणि सांडपाण्याची वाहिनी शेजारून गेली असेल, तर पावसाळ्यात गळती तपासावी. कावीळ आणि विषमज्वराचे एकाच इमारतीतले रुग्ण बऱ्याचदा तिथूनच येतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का, हे ओटी चाचणीने मिनिटभरात कळते. पाणी पिवळसर झाले तर आहे. आणि एक कळकळीची सूचना: सांडपाणी प्रकल्पाच्या किंवा मैल्याच्या टाकीत माणूस उतरवू नये. तिथल्या विषारी वायूने एक जण कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही मरतो. सुरक्षासाधनांशिवाय असे काम करवून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

माहितीपत्रकात नसलेल्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे तळमजल्यावरचे स्वच्छ, पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा फिरायला उतरत नाहीत, कारण लघवी लागली तर अठराव्या मजल्यावर जावे लागते. चार-पाच घरांत धुणीभांडी करणाऱ्या मावशींना कोणत्याच घरातले स्वच्छतागृह वापरू दिले जात नाही. मग त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवी रोखून धरणे आणि पाणी कमी पिणे यांमुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, मुतखड्याचा धोका वाढतो आणि गरोदर स्त्रीला तर ते फारच बाधते. बारा तास फाटकावर उभा राहणारा सुरक्षारक्षक आणि गाडीत बसून राहणारा चालक यांचीही तीच कथा. पन्नास सुविधांच्या संकुलात ही एक नसेल, तर ती यादी अपुरी आहे.

दुसरी गोष्ट बाकड्यांची. चालणाऱ्या ज्येष्ठाला दर पन्नास-साठ पावलांवर टेकायला जागा हवी. बाकाला पाठ हवी आणि उठताना धरायला हात हवेत. बाकाशिवायची वाट म्हणजे धाप लागणाऱ्या माणसाला केलेली मनाई. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाकड्यावर माणसे भेटतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. भक्कम नातेसंबंध असलेल्यांची त्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्के जास्त आढळली. जून २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जगातला दर सहावा माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, असे सांगितले. पनवेलच्या नव्या वसाहतींत गाव सोडून मुलाकडे राहायला आलेले आईवडील पुष्कळ आहेत. मुलगा-सून सकाळी सातच्या लोकलने जातात, रात्री येतात. दिवसभर बोलायला टीव्ही. अशा माणसाची भूक मंदावते, झोप बिघडते, गोळ्या चुकतात आणि मग तो 'अशक्तपणा' म्हणून रुग्णालयात येतो.

क्लबहाउस याच कामासाठी असते, पण बऱ्याच ठिकाणी ते भाडे भरून वाढदिवस साजरे करण्याचे सभागृह होऊन बसते. दुपारी दोन तास ते ज्येष्ठांना मोफत उघडावे. वर्तमानपत्रे, कॅरम, भजन, रक्तदाब मोजायचे यंत्र एवढे पुरे. मुलांच्या खेळाच्या जागेलाही हाच न्याय. महागड्या घसरगुंडीपेक्षा तिच्याखाली वाळू किंवा रबर आहे का, कडेने गाड्या मागे येतात का आणि जनरेटरचा धूर तिथेच सोडला आहे का, हे आधी पाहावे.

कागदावर काय मागावे?

कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण तो वाचावा लागतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात जिने, लिफ्ट, गच्ची, बाग, खेळाची जागा, टाक्या आणि पंप हे सगळे सामायिक क्षेत्रात मोडते आणि ते रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवणे विकासकावर बंधनकारक आहे. कोणती सुविधा किती आकाराची आणि कोणत्या तारखेला मिळणार, हे विक्री करारात नमूद करण्याचे आदेश महारेराने २०२४ मध्ये दिले. त्याच वर्षी ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता वेगळे निकषही आले: चाकाची खुर्ची जाईल अशी दारे आणि लिफ्ट, उतरण, न घसरणारी फरशी वगैरे. ते निकष ज्येष्ठांच्या प्रकल्पांपुरते आहेत. पण म्हातारपण सगळ्याच इमारतींत येणार असल्याने कोणत्याही खरेदीदाराने ती यादी हाताशी ठेवावी. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ०.४ हेक्टरपेक्षा मोठ्या भूखंडावर किमान १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवायची असते. ती नकाशात कुठे आहे, हेही विचारावे.

घर घेणाऱ्याने विक्री कार्यालयात पाच प्रश्न विचारावेत. कोणत्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते? रुग्णवाहिका इमारतीच्या दारापर्यंत येऊन वळू शकते का? चालण्याची वाट गाड्यांपासून वेगळी आणि सावलीत आहे का? तळमजल्यावर स्वच्छतागृह आणि दारात उतरण आहे का? आणि तलाव, जिम, कारंजे यांचा दर महिन्याचा खर्च सभासदांना किती पडणार? शेवटचा प्रश्न आरोग्याचाही आहे, कारण पैसे संपले की तलाव हिरवा होतो, कारंजे डासांचे होते आणि यंत्रे गंजतात.

जे आधीपासून राहतात, त्यांनी हेच विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावेत. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा, प्रत्येक वळणावर टेकायला छोटी जागा आणि वरच्या ज्येष्ठांसाठी औषधे-भाजी आणून देणाऱ्या शेजाऱ्यांची यादी, एवढे तर लगेच होईल. पुनर्विकासाचा करार होत असेल, तर हाच काळ या मागण्या लिहून घेण्याचा.

आणि ते आजींचे बाकडे. रोज संध्याकाळी साडेपाचला त्या तिथे येऊन बसू लागल्या, की त्यांची एक ठरलेली जागा होते. मग एखाद्या दिवशी ती जागा रिकामी दिसली, तर शेजारचे कोणीतरी म्हणते, "काल पण दिसल्या नाहीत, बघून येऊ या का?" कोणीतरी वर जाऊन घंटी वाजवते. न्हाणीघरात पडून राहिलेल्या, साखर उतरलेल्या किंवा तापाने ग्लानी आलेल्या माणसाला वेळेवर मदत मिळते, ती अनेकदा अशाच एखाद्या घंटीमुळे.